बॉन स्कॉट

रोनाल्ड बेलफोर्ड स्कॉट ऊर्फ बॉन स्कॉट (जन्म : ९ जुलै १९४६, फॉरफर, स्कॉटलंड, मृत्यू : १९ फेब्रुवारी १९८०, लंडन, इंग्लंड) हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले ऑस्ट्रेलियन रॉक गायक व गीतकार होते. १९७४ ते १९८० या काळात ते एसी/डीसी या बँडचे मुख्य गायक होते. या बँडची गणना हार्ड रॉक आणि हेवी मेटल या दोन्ही संगीतप्रकारांत केली जाते. बँडचे सदस्य मात्र आपल्या संगीताला केवळ रॉक अँड रोल म्हणणे पसंत करत.

'हायवे टू हेल' या अल्बममुळे बँडला अमेरिकेत प्रथमच मोठे यश मिळाले. त्यानंतर काही महिन्यांतच वयाच्या ३३व्या वर्षी स्कॉट यांचे निधन झाले. त्यांच्या जागी आलेले ब्रायन जॉन्सन यांच्यासह बँडने त्याच वर्षी काढलेला 'बॅक इन ब्लॅक' हा अल्बम जगात सर्वाधिक विकल्या गेलेल्या अल्बमांपैकी एक ठरला. त्यामुळे स्कॉट आणि जॉन्सन यांच्यापैकी श्रेष्ठ कोण, आणि मुख्य गायक गेल्यावर बँड तोच राहतो का, हा रॉक संगीताच्या चाहत्यांमधील दीर्घकाळ चाललेल्या वादांपैकी एक आहे.

बालपण

स्कॉट यांचा जन्म फॉरफर येथे झाला आणि त्यांचे सुरुवातीचे बालपण जवळच्याच किरिम्यूर या गावात गेले. 'पीटर पॅन'चे लेखक जे. एम. बॅरी यांचे जन्मगाव म्हणूनही किरिम्यूर प्रसिद्ध आहे. तेथे स्कॉट कुटुंबाचा बेकरीचा व्यवसाय होता. १९५२ साली हे कुटुंब ऑस्ट्रेलियात स्थलांतरित झाले आणि मेलबर्नच्या सनशाइन या उपनगरात राहू लागले. तेथील शाळेत रोनाल्ड नावाचा आणखी एक मुलगा होता. दोघांत फरक करण्यासाठी, तसेच स्कॉटिश उच्चारांवरून थट्टा म्हणून, वर्गमित्रांनी त्यांना 'बॉनी' असे नाव दिले. त्याचेच पुढे 'बॉन' झाले.

१९५६ साली कुटुंब पश्चिम ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल या बंदराच्या शहरी गेले. बॉन यांचे वडील तेथील स्कॉटिश पाइप बँडमध्ये ड्रम वाजवत. वडिलांच्या पाठोपाठ मुलगाही त्या बँडमध्ये दाखल झाला आणि ड्रमवादन शिकला. त्यांच्या संगीतशिक्षणाची सुरुवात अशा रीतीने गायनाने नव्हे, तर तालवाद्याने झाली.

वयाच्या १५व्या वर्षी त्यांनी शाळा सोडली. त्यानंतर शेतमजुरी, समुद्रातील शेवंडांची मासेमारी, वजनकाट्यांची दुरुस्ती, टपालवाटप अशी नाना प्रकारची कामे त्यांनी केली. १९६३ साली पोलिसांना खोटे नाव सांगणे, पेट्रोलची चोरी इत्यादी आरोपांवरून त्यांना काही महिने रिव्हरबँक या बालगुन्हेगारांच्या सुधारगृहात ठेवण्यात आले. तेथून बाहेर पडल्यावर त्यांनी संगीताकडे गांभीर्याने लक्ष दिले.

सुरुवातीची कारकीर्द

स्कॉट यांचा पहिला बँड म्हणजे पर्थमधील 'द स्पेक्टर्स'. त्यात ते प्रामुख्याने ड्रम वाजवत आणि अधूनमधून गात. १९६६ साली हा बँड दुसऱ्या एका स्थानिक बँडमध्ये विलीन होऊन 'द व्हॅलेंटाइन्स' हा बँड तयार झाला. त्यात स्कॉट आणि व्हिन्स लव्हग्रोव्ह असे दोन मुख्य गायक होते. द व्हॅलेंटाइन्स पुढे मेलबर्नला स्थलांतरित झाले. एकसारखे पोशाख आणि गोड चालींची पॉप गाणी असे त्यांचे स्वरूप होते. त्यांची काही गाणी 'द ईझीबीट्स' या प्रसिद्ध बँडचे हॅरी व्हांडा आणि जॉर्ज यंग यांनी लिहिली होती. जॉर्ज यंग हे एसी/डीसी स्थापन करणाऱ्या माल्कम व अँगस यंग यांचे थोरले बंधू होत. १९७० साली द व्हॅलेंटाइन्स विसर्जित झाला.

त्यानंतर स्कॉट 'फ्रॅटर्निटी' या बँडमध्ये गेले. ॲडलेड येथे मुक्काम असलेल्या या बँडचे संगीत दीर्घ रचनांचे आणि प्रयोगशील होते. 'लाइव्हस्टॉक' (१९७१) आणि 'फ्लेमिंग गला' (१९७२) हे त्याचे अल्बम होत. १९७१ साली फ्रॅटर्निटीने ऑस्ट्रेलियातील बँडांची 'हॉडलीज बॅटल ऑफ द साउंड्स' ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. जानेवारी १९७२ मध्ये स्कॉट यांचा आयरीन थॉर्नटन यांच्याशी विवाह झाला. पुढे ते विभक्त झाले.

स्पर्धेतील यशानंतर बँड नशीब आजमावण्यासाठी इंग्लंडला गेला, परंतु तेथे त्याला यश मिळाले नाही. बँडने 'फँग' असे नवे नावही घेऊन पाहिले. या काळात 'जॉर्डी' या इंग्लिश बँडच्या कार्यक्रमांत फँगने आधी गाण्याचे काम केले. जॉर्डीचे गायक होते ब्रायन जॉन्सन. सात वर्षांनी तेच स्कॉट यांच्या जागी येणार होते.

१९७३च्या अखेरीस स्कॉट ऑस्ट्रेलियाला परतले. ॲडलेडमध्ये ते दिवसा खतांची पोती चढवण्या-उतरवण्याचे काम करत आणि फावल्या वेळात 'माउंट लॉफ्टी रेंजर्स' या कलावंतांच्या गटात गात. ३ मे १९७४ रोजी मद्यपान करून मोटारसायकल चालवत असताना त्यांना गंभीर अपघात झाला. तीन दिवस ते बेशुद्धावस्थेत होते.

एसी/डीसी

डेव्ह इव्हान्स यांच्या जागी निवड

एसी/डीसीची स्थापना नोव्हेंबर १९७३ मध्ये सिडनी येथे माल्कम व अँगस यंग या गिटारवादक बंधूंनी केली. बँडचे पहिले गायक डेव्ह इव्हान्स होते. 'कॅन आय सिट नेक्स्ट टू यू गर्ल' हे बँडचे पहिले गीत त्यांच्या आवाजात १९७४ साली प्रकाशित झाले. इव्हान्स यांचा चकचकीत पोशाख आणि शैली त्या वेळच्या ग्लॅम रॉकच्या धर्तीची होती. ती आपल्या संगीताला साजेशी नाही, असे यंग बंधूंचे मत झाले.

अपघातातून बरे होत असलेल्या स्कॉट यांना त्यांचे जुने सहकारी व्हिन्स लव्हग्रोव्ह किरकोळ कामे देत असत. त्यांच्याच ओळखीने स्कॉट यांची यंग बंधूंशी गाठ पडली. त्या वेळी स्कॉट २८ वर्षांचे, माल्कम २१ वर्षांचे आणि अँगस १९ वर्षांचे होते. ही मुले फारच लहान आहेत असे स्कॉट यांना, तर हा माणूस वयस्क आहे असे मुलांना वाटले, असे सांगितले जाते. १९७४च्या अखेरीस स्कॉट बँडचे मुख्य गायक झाले. डेव्ह इव्हान्स यांचे पहिले गीत त्यांच्या आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रित करण्यात आले आणि 'टी.एन.टी.' या अल्बममध्ये समाविष्ट झाले. अशा प्रकारे स्कॉट स्वतः एका गायकाच्या जागी आलेले होते. नंतरच्या वादात ही बाब बऱ्याचदा दुर्लक्षित राहते.

ऑस्ट्रेलियातील लोकप्रियता

हॅरी व्हांडा आणि जॉर्ज यंग यांच्या निर्मितीत 'हाय व्होल्टेज' (फेब्रुवारी १९७५) आणि 'टी.एन.टी.' (डिसेंबर १९७५) हे अल्बम ऑस्ट्रेलियात प्रकाशित झाले. 'काउंटडाउन' या दूरचित्रवाणी कार्यक्रमामुळे बँड घरोघरी पोहोचला. १९७५ साली या कार्यक्रमात स्कॉट शाळकरी मुलीच्या वेशात, वेण्या घालून गायला आले. त्यांची ही खोडकर वृत्ती आणि अँगस यंग यांचा शाळकरी मुलाचा गणवेश ही बँडची ओळख बनली.

'इट्स अ लाँग वे टू द टॉप' या गीतात बॅगपाइपचा वापर आहे. स्कॉट पाइप बँडमध्ये होते म्हणजे त्यांना बॅगपाइप वाजवता येत असणार, अशी जॉर्ज यंग यांची समजूत होती. प्रत्यक्षात ते तेथे ड्रम वाजवत. तरीही त्यांनी या गीतापुरते हे वाद्य आत्मसात केले. फेब्रुवारी १९७६ मध्ये मेलबर्नच्या स्वान्स्टन स्ट्रीटवरून चालत्या उघड्या ट्रकवर या गीताचे चित्रीकरण झाले. संगीताच्या व्यवसायातील हालअपेष्टांचे वर्णन करणारे हे गीत दहा वर्षे निरनिराळ्या बँडांमधून वणवण केलेल्या गायकाच्या अनुभवातून आलेले आहे.

आंतरराष्ट्रीय यश

एप्रिल १९७६ मध्ये बँडने ब्रिटनमध्ये मुक्काम हलवला. पहिल्या दोन ऑस्ट्रेलियन अल्बमांतील निवडक गाणी एकत्र करून 'हाय व्होल्टेज' याच नावाने आंतरराष्ट्रीय आवृत्ती काढण्यात आली. त्यानंतरचा 'डर्टी डीड्स डन डर्ट चीप' (१९७६) हा अल्बम अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपनीला पसंत पडला नाही आणि तेथे तो प्रकाशितच झाला नाही. 'लेट देअर बी रॉक' (१९७७) आणि 'पॉवरेज' (१९७८) या अल्बमांनी बँडचा चाहतावर्ग वाढवला. 'इफ यू वाँट ब्लड यू हॅव गॉट इट' (१९७८) हा प्रत्यक्ष कार्यक्रमाचा अल्बम ग्लासगो येथील मैफलीवर आधारित आहे.

अमेरिकेत गाणी अधिक वाजावीत यासाठी कंपनीने निर्माता बदलण्याचा आग्रह धरला. त्यानुसार रॉबर्ट 'मट' लँग यांच्याकडे निर्मिती सोपवण्यात आली. जुलै १९७९ मध्ये प्रकाशित झालेला 'हायवे टू हेल' अमेरिकेच्या विक्रीयादीत १७व्या स्थानी पोहोचला. तेथे पहिल्या शंभरांत स्थान मिळवणारा हा बँडचा पहिला अल्बम होता. ९ डिसेंबर १९७९ रोजी पॅरिस येथे झालेल्या कार्यक्रमाचे चित्रीकरण करण्यात आले. त्यावरून 'लेट देअर बी रॉक' हा चित्रपट तयार झाला.

गायन आणि गीतलेखन

स्कॉट यांचा आवाज किंचित अनुनासिक आणि खरखरीत होता. ते शब्द ओढून, मध्येच बोलल्यासारखे, एखादी गोष्ट रंगवून सांगावी तसे गात. त्यांच्या गीतांचे विषय रस्त्यावरचे जीवन, दारू, तुरुंग, जुगार, बँडचा प्रवास आणि शरीरसंबंध हे आहेत. द्वयर्थी शब्द आणि स्वतःवरच केलेला विनोद ही त्यांची वैशिष्ट्ये होत. 'राइड ऑन' सारख्या संथ गीतात मात्र एकाकीपणाचा सूर आढळतो. त्यांच्या काही गीतांतील स्त्रियांच्या चित्रणावर टीकाही झाली आहे.

संगीतरचना यंग बंधूंची आणि शब्द स्कॉट यांचे, अशी बँडमध्ये कामाची सर्वसाधारण विभागणी होती. स्कॉट यांच्या मृत्यूनंतर निर्माण झालेल्या वादाचे मूळ बऱ्याच अंशी या विभागणीत आहे. बँडचे सूर ज्यांनी बांधले ते दोघेही हयात होते; बँडचे शब्द ज्यांनी लिहिले ते नव्हते.

मृत्यू

२७ जानेवारी १९८० रोजी इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथे स्कॉट यांनी बँडसोबत अखेरची मैफल केली. फेब्रुवारीत यंग बंधू लंडनमध्ये पुढील अल्बमच्या चालींवर काम करू लागले होते. स्कॉट एकदा तेथे गेले असता गाण्याऐवजी ड्रम वाजवायला बसले, असे बँडच्या सदस्यांनी पुढे सांगितले आहे.

१८ फेब्रुवारीच्या रात्री स्कॉट लंडनच्या कॅम्डन भागातील 'म्युझिक मशीन' या क्लबमध्ये गेले होते. तेथे मद्यपान केल्यावर परतीच्या वाटेवर ते एका परिचिताच्या मोटारीत झोपी गेले. ईस्ट डलिच येथे उभ्या केलेल्या त्या मोटारीतच त्यांना झोपू देण्यात आले. १९ फेब्रुवारीच्या संध्याकाळी ते निश्चल अवस्थेत आढळले. रुग्णालयात नेल्यावर त्यांना मृत घोषित करण्यात आले. अतिमद्यपानामुळे झालेली तीव्र विषबाधा हे मृत्यूचे कारण असल्याचा आणि हा मृत्यू अपघाती असल्याचा निष्कर्ष अधिकृत चौकशीत काढण्यात आला. त्यांच्या अस्थी फ्रीमँटल येथील स्मशानभूमीत ठेवण्यात आल्या आहेत.

उत्तराधिकारी आणि 'बॅक इन ब्लॅक'

स्कॉट यांच्या निधनानंतर यंग बंधूंनी बँड बंद करण्याचा विचार केला होता. मात्र स्कॉट यांच्या आईवडिलांनी काम चालू ठेवण्याविषयी त्यांना सांगितले, असे बँडने नमूद केले आहे. गायकांच्या चाचण्या घेण्यात आल्या. जॉर्डीचे माजी गायक ब्रायन जॉन्सन त्या वेळी न्यूकॅसल येथे मोटारींच्या छतांना विनाइल बसवण्याचा व्यवसाय करत होते. इंग्लंडमध्ये ऐकलेल्या जॉन्सन यांच्या गाण्याची स्कॉट यांनी बँडमध्ये पूर्वी स्तुती केली होती. जमिनीवर लोळत किंचाळणाऱ्या या गायकाची ती आठवण अँगस यंग यांनी नंतर सांगितली आहे. जॉन्सन यांच्या म्हणण्यानुसार त्या रात्री ते पोटदुखीने कळवळत होते.

स्कॉट यांच्या मृत्यूनंतर सुमारे सहा आठवड्यांत जॉन्सन यांची निवड झाली. बहामा बेटांवरील नासाऊ येथे ध्वनिमुद्रण होऊन २५ जुलै १९८० रोजी 'बॅक इन ब्लॅक' प्रकाशित झाला. दिवंगत सहकाऱ्याच्या शोकाचे चिन्ह म्हणून त्याचे मुखपृष्ठ संपूर्ण काळे ठेवण्यात आले आणि अल्बमची सुरुवात घंटेच्या संथ टोलांनी करण्यात आली. एकट्या अमेरिकेत या अल्बमला अडीच कोटींहून अधिक प्रतींसाठीचे प्रमाणपत्र मिळाले आहे.

सदस्य गमावल्यावर काय करावे, हा प्रश्न त्या वर्षी इतर बँडांसमोरही उभा राहिला. मे १९८० मध्ये गायक इयन कर्टिस यांच्या मृत्यूनंतर 'जॉय डिव्हिजन'च्या उरलेल्या सदस्यांनी ते नाव सोडून 'न्यू ऑर्डर' या नावाने काम सुरू केले. सप्टेंबरमध्ये ड्रमवादक जॉन बॉनम यांचे निधन झाल्यावर 'लेड झेपेलिन'ने बँडच विसर्जित केला. गायक हयात असतानाही असे बदल होत होते : 'ब्लॅक सॅबथ'ने १९७९ साली ऑझी ऑस्बॉर्न यांना काढून रॉनी जेम्स डिओ यांना घेतले होते. एसी/डीसीने नावही राखले आणि शैलीही राखली.

चाहत्यांमधील वाद

स्कॉट की जॉन्सन, या वादात प्रामुख्याने दोन बाजू दिसतात. स्कॉट यांच्या बाजूने बोलणारे त्यांच्या शब्दांवर भर देतात. त्यांच्या मते स्कॉट यांच्या गीतांत खरा अनुभव आणि मिश्कीलपणा होता, तो नंतरच्या गीतांत उरला नाही. जॉन्सन यांच्या बाजूने बोलणारे त्यांच्या उंच पट्टीतील दमदार आवाजाकडे, कित्येक पटींनी दीर्घ कारकिर्दीकडे आणि मोठ्या मैदानांवरील यशाकडे लक्ष वेधतात. बँडचा खरा आत्मा यंग बंधूंच्या गिटारवादनात असल्याने हा वादच गैरलागू आहे, असे मानणाराही एक वर्ग आहे.

विक्रीच्या आकड्यांवरून वाद मिटत नाही, हे १९८१ साली दिसून आले. 'बॅक इन ब्लॅक'च्या यशानंतर अमेरिकन कंपनीने पूर्वी नाकारलेला 'डर्टी डीड्स डन डर्ट चीप' तेथे प्रकाशित केला. 'बॅक इन ब्लॅक' अमेरिकेच्या यादीत चौथ्या स्थानापर्यंत गेला होता. स्कॉट यांच्या आवाजातील हा पाच वर्षे जुना अल्बम तिसऱ्या स्थानी पोहोचला. नव्या गायकाने मिळवलेल्या श्रोत्यांनी जुन्या गायकालाही उचलून धरले.

वादाचा सर्वांत कटू भाग 'बॅक इन ब्लॅक'च्या गीतलेखनाविषयी आहे. अल्बमवर गीतकार म्हणून यंग बंधू आणि जॉन्सन यांचीच नावे आहेत. स्कॉट यांनी मृत्यूपूर्वी वहीत लिहिलेल्या ओळी या गीतांत वापरल्या गेल्या, असे काही चाहते मानतात. ऑस्ट्रेलियन लेखक जेसी फिंक यांनी 'बॉन : द लास्ट हायवे' (२०१७) या पुस्तकात या शक्यतेची बाजू मांडली आहे. बँडने आणि जॉन्सन यांनी हे सातत्याने नाकारले असून, शब्द जॉन्सन यांचेच असल्याचे म्हटले आहे. हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. जगभर विकल्या गेलेल्या अल्बमचे श्रेय आणि त्याचे मानधन कोणाच्या वाट्याला यावे, याच्याशी तो निगडित आहे.

बँडने स्वतः या वादात स्कॉट यांचे स्थान राखले. १९८० नंतरच्या कार्यक्रमांतही त्यांच्या काळातील गाण्यांना कायम मोठा वाटा राहिला. 'इट्स अ लाँग वे टू द टॉप' हे गीत मात्र स्कॉट यांच्याविषयीच्या आदरापोटी जॉन्सन यांनी रंगमंचावर गाण्याचे दीर्घकाळ टाळले. १९९७ साली बँडने स्कॉट यांच्या स्मरणार्थ 'बॉनफायर' हा संच काढला. २०१६ साली श्रवणदोषामुळे जॉन्सन यांना दौरा सोडावा लागला आणि 'गन्स अँड रोझेस'चे ॲक्सल रोझ त्यांच्या जागी गायले, तेव्हा हाच वाद नव्याने पेटला. मात्र या वेळी जॉन्सन हे चाहत्यांच्या दृष्टीने मूळचे गायक ठरले होते. याच दौऱ्यात स्कॉट यांच्या काळातील, दीर्घकाळ न गायलेली काही गाणी पुन्हा सादर झाली. जॉन्सन पुढे 'पॉवर अप' (२०२०) या अल्बमद्वारे बँडमध्ये परतले.

सन्मान आणि स्मारके

२००३ साली एसी/डीसीचा 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश झाला. त्यात स्कॉट यांना मरणोत्तर स्थान देण्यात आले. २००४ साली मेलबर्नमधील एका गल्लीला बँडचे नाव देण्यात आले. फ्रीमँटल येथील स्कॉट यांच्या स्मृतिस्थळाला चाहते मोठ्या संख्येने भेट देतात. २००६ साली ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल ट्रस्टने त्याची वारसास्थळांत नोंद केली. फ्रीमँटलच्या मासेमारी बंदरात २००८ साली, तर किरिम्यूर येथे २०१६ साली त्यांचा पुतळा उभारण्यात आला. किरिम्यूरमध्ये त्यांच्या स्मरणार्थ 'बॉनफेस्ट' हा संगीत महोत्सव भरतो.

एसी/डीसीसोबतचे अल्बम

हाय व्होल्टेज (१९७५, ऑस्ट्रेलिया)
टी.एन.टी. (१९७५, ऑस्ट्रेलिया)
हाय व्होल्टेज (१९७६, आंतरराष्ट्रीय आवृत्ती)
डर्टी डीड्स डन डर्ट चीप (१९७६, अमेरिकेत १९८१)
लेट देअर बी रॉक (१९७७)
पॉवरेज (१९७८)
इफ यू वाँट ब्लड यू हॅव गॉट इट (१९७८, प्रत्यक्ष कार्यक्रम)
हायवे टू हेल (१९७९)